वाळवंटाचे सबनीस-सान

उंट उठताना माणसाने मागे रेलायचं. तो आधी मागचे पाय उचलतो आणि बेसावध माणूस सरळ त्याच्या मानेवर जातो. टोकियोत ही गोष्ट अंबरीष सबनीसइतक्या खात्रीने सांगणारा दुसरा कोणी सापडायचा नाही. ओमानच्या वाळूत दुपारी कुठले बूट चालतात, तंबूतल्या न्हाणीघरात गरम पाणी कधी येतं, निझवाच्या किल्ल्यात कुठल्या पायरीवर डोकं आपटतं, सगळं त्याला पाठ. आणि हा गृहस्थ जन्मात एकदाही वाळवंटात गेलेला नव्हता.

मूळचा चिपळूणचा. म्हणजे वर्षातले चार महिने जिथे दोरीवरचे कपडे वाळत नाहीत तिथला. पुण्यातल्या कंपनीने जपानला पाठवलं ते एका लहानशा पर्यटन कंपनीचं बुकिंगचं सॉफ्टवेअर लिहायला. काम संपलं, कंत्राट संपलं, तेव्हा त्या कंपनीचे साहेब कुरोदा-सान यांनी त्याला ठेवूनच घेतलं. त्यांना वाळवंटाच्या सहली सुरू करायच्या होत्या आणि त्यांच्या हिशेबी भारत आणि अरबस्तान एकमेकांच्या अंगणात होते. अंबरीषने नकाशा दाखवून पाहिला. कुरोदा-साननी नकाशाकडे आदराने पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ओमानची फाईल त्याच्या टेबलावर ठेवली.

पहिल्याच आठवड्यात त्याला दोन गोष्टी शिकवल्या गेल्या. एक, गिऱ्हाइकाच्या आधी फोन ठेवायचा नाही. पलीकडून फोन बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत कानाला लावून बसायचं. त्याने एकदा एका बाईंचा फोन घाईत आधी ठेवला होता, तर कुरोदा-सान मिठाईचा खोका घेऊन त्याला त्या बाईंच्या घरी माफी मागायला घेऊन गेले. बाईंना फोन कधी ठेवला गेला हे आठवतही नव्हतं, तरी दोघं दारात कमरेत वाकून उभे राहिले. दुसरी गोष्ट अशी की, आपण तिथे गेलेलो नाही हे आपणहून सांगायचं नाही. खोटं बोलायचं नाही, पण कोणी विचारल्याशिवाय सांगायचंही नाही. लोक बिचकतात.

आणि कोणी विचारायचंच नाही, हीच तर सगळी गोची होती. सहा वर्षं टोकियोतल्या हिगाशी-कसाई भागातल्या घरातून गर्दीच्या गाडीने ऑफिसला जायचं, उपग्रहाचे फोटो बघायचे, प्रवाशांनी टाकलेले व्हिडिओ थांबवून थांबवून बघायचे, तिथल्या सालिम नावाच्या गाईडला फोन करून तंबूच्या दाराची कडी आतून लागते का ते विचारायचं. सालिम हसायचा. म्हणायचा, "एकदा येऊन बघ ना." अंबरीष म्हणायचा, पुढच्या वेळी नक्की. पुढच्या वेळी कुणीतरी दुसरंच जायचं.

गटाबरोबर जायचं तर परवाना लागतो. त्याची परीक्षा जपानीत. अंबरीषने तीही दिली, गाडीत उभ्याउभ्या अभ्यास करून. पास झाला त्या दिवशी कुरोदा-सान म्हणाले, "शरद ऋतूतली सहल बघू. आधी माहितीसभा चांगली होऊ दे." बायको कस्तुरीने त्याच संध्याकाळी रुंद कडांची टोपी आणली. मुलगी अवंतिका ती घालून घरभर फिरली. मराठीत विचारलं तरी ती जपानीत उत्तर द्यायची, पण त्या दिवशी मात्र म्हणाली, "बाबा, मला उंटाचा फोटो पाठव हं." आता ज्या बापाला लेक एवढं मराठीतून सांगते, त्याने माहितीसभेची तयारी कशी केली असेल ते सांगायला नको.

सहलीच्या महिनाभर आधी जाणारी मंडळी ऑफिसात जमतात आणि प्रश्न विचारतात, त्याला तिथे माहितीसभा म्हणतात. बहुतेक सगळी साठीच्या, सत्तरीच्या पुढची. प्रश्न म्हणजे नुसता वर्षाव. तंबूपासून शौचालय किती लांब? कॅमेऱ्यात वाळू गेली तर? बसमध्ये कुठल्या बाजूला बसलं की डोंगर दिसतो? अंबरीषने सगळं सांगितलं. डावीकडे बसा, पण परतताना उजवीकडे. कॅमेरा जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवा. रात्री शौचालयाला जाताना तिसऱ्या खांबाशी दोरी आहे, तिला अडखळाल. शेवटी तर लोक प्रश्न विचारायचे थांबले आणि माना डोलावायला लागले. अंबरीष मनातल्या मनात उंटावर चढून मागे रेललासुद्धा.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या साकाता-सान उठल्या. सत्तर ओलांडलेल्या, बारीक चणीच्या, नवरा गेल्यापासून एकट्या हिंडणाऱ्या. त्यांनी कुरोदा-साननाच वाकून नमस्कार केला. म्हणाल्या, "असा माणूस जर टोकियोत फोनवर असेल तर आम्हाला काही काळजी नाही. काही अडलं तर यांनाच विचारता येईल ना?"

बाकीचेही म्हणाले, हो, हो, ते फार बरं होईल. गिऱ्हाइकाने सगळ्यांदेखत मागितलेली गोष्ट नाकारायची म्हणजे कुरोदा-साननी स्वतःचं नाक कापून देण्यासारखं होतं. ते खोल वाकले. "अवश्य. आमचे सबनीस-सान रात्रंदिवस फोनवर असतील." आणि मग अंबरीषकडे असं पाहिलं, जणू त्याचा सत्कारच झाला होता. अंबरीषलाही वाकावं लागलं. वाकलं की तोंड दिसत नाही, ही त्या देशातली एक सोय आहे.

सहलीबरोबर गेला ऑफिसातला रेन, परवाना त्याच्याकडेही होता. आई मराठी, बाप जपानी, पोरगा चांगला, पण त्याला उंट आणि गाय यातला फरक शिंगांवरून कळायचा. अंबरीषने त्याला दोन दिवस बसवून सगळं सांगितलं. टोपीही देणार होता, पण मग दिली नाही. एवढा मोठेपणा त्याच्याकडे नव्हता, आणि का असावा?

"तू बोलला का नाहीस पण?" कस्तुरीने विचारलं.

"काय बोलणार? कस्टमरनी रिक्वेस्ट केली."

"त्यांना माहितीये का, तू गेलेला नाहीयेस ते?"

"नाही."

"मग ते तुला तिथून आलेला समजून इथे ठेवतायत," कस्तुरी म्हणाली आणि टोपी कपाटाच्या वरच्या खणात टाकली. एवढं नेमकं बोलणारी बायको असली की माणसाची जास्तच चिडचिड होते.

मग फोन सुरू झाले. तंबूतला दिवा कुठून लावायचा? खजूर धुऊन खायचा का? सालिमच्या गाडीत पुढे बसलं तर चालेल का? रेन तिथे हातभर अंतरावर उभा असायचा आणि मंडळी टोकियोला फोन लावायची. अंबरीष जेवताना, अंघोळीला जाताना, कचऱ्याच्या पिशव्या वेगवेगळ्या करून खाली नेताना फोन उचलत होता. अवंतिका एकदा जपानीत म्हणाली की बाबा घरात असून ओमानला गेलाय. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पोरीचं काही चुकत नव्हतं.

रेनचाही फोन आला. "अंबरीषदादा, हे लोक माझ्याशी बोलतच नाहीत. सगळ्यांना तुमचा नंबर पाठ झालाय."

"तू काय बघितलंस आज?"

"कसलं बघतोय? बॅगा मोजतोय."

हे ऐकून अंबरीषला किंचित बरं वाटलं. वाटायला नको होतं.

वाळवंटातली शेवटची सकाळ. तिथे पहाट होती तेव्हा टोकियोत ऑफिसातले लोक जेवायला कुठे जायचं ते ठरवत होते. फोन साकाता-सानचा. गट उंटांवर बसून मोठ्या टेकडीवर सूर्योदयाला गेला होता, त्यांच्या गुडघ्यांना ते झेपेना म्हणून त्या मागे राहिल्या होत्या. आवाज पडलेला. "मला इथूनच काही दिसेल का हो?"

"दिसेल," अंबरीष म्हणाला. "स्वयंपाकाच्या तंबूमागे जा. तिथे एक बुटकी टेकडी आहे. समोरून चढू नका, पाय रुततील. डाव्या अंगाने जा, तिथली वाळू वाऱ्याने घट्ट बसलेली असते. सावकाश. वर पोचलात की उजेडाकडे तोंड करून बसा."

"डाव्या अंगाने," त्या म्हणाल्या. "कळलं. आभारी आहे." आणि फोन बंद न करता त्यांनी जाकिटाच्या खिशात टाकला.

अंबरीष वाट बघत बसला. बंद झाल्याचा आवाज येईना. कापडाची घसघस येत होती, आणि त्या म्हाताऱ्या बाईंचा श्वास. कुरोदा-सान बैठकीच्या खोलीच्या दारात उभे राहून बोलवायला लागले. अंबरीषने फोनवर हात धरला आणि हळूच म्हणाला, "गिऱ्हाइकाने अजून ठेवलेला नाही." कुरोदा-सान थबकले. स्वतः शिकवलेलं होतं, करतात काय? वाकून मागे फिरले आणि दार अलगद लोटून घेतलं.

मग त्याला वाळू ऐकू आली. आधी नुसती पावलं, आणि प्रत्येक पावलानंतर सुपातून तांदूळ घरंगळावेत तसा बारीक, लांबत जाणारा आवाज. कुठल्याच व्हिडिओत तो नव्हता, तिथे लोकांनी गाणी लावलेली असतात. पावलं थांबली. श्वास मंदावला. मग बराच वेळ काहीच नाही, पण ते काहीच नसणंसुद्धा ऑफिसातल्या शांततेसारखं नव्हतं. अंबरीषने डोळे मिटले. समोरच्या टेबलावरची मुलगी त्याच्याकडे बघत होती, बघू दे.

आणि मग साकाता-सान आपल्याशीच बोलल्या. अगदी हळू, पण स्वच्छ.

"अगं बाई. हे त्या सबनीस-साननी सांगितलंच नव्हतं."

अंबरीष खुर्चीत सरळ झाला. काय सांगितलं नव्हतं? काय राहिलं होतं? विचारावं तर बाईंना कळणार की आपण खिशातून सगळं ऐकत होतो. त्याने फोन कानात घुसेल इतका दाबून धरला. त्या नुसत्या एकदा हसल्या, एखादी मुलगी हसेल तशा. मग परत कापडाची घसघस झाली, कुठेतरी बोट लागलं आणि फोन बंद झाला.

मंडळी परतली तेव्हा साकाता-सान खजुराचा डबा घेऊन ऑफिसात आल्या. खास त्याच्यासाठी. अंबरीषने आभार मानले आणि इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारलंच. "त्या बुटक्या टेकडीवरून काय दिसलं?"

"आता तुम्हाला काय सांगायचं?" त्या हसून म्हणाल्या. "तुम्ही तर कितीदा पाहिलं असेल."

हेच ते. सहा वर्षांत कोणी एवढ्या प्रेमाने त्याच्या तोंडावर दार लावलं नव्हतं. मागे कुरोदा-सान उभे होते. अंबरीष वाकला. खजूर घरी नेला, कस्तुरीने आणि अवंतिकाने खाल्ला, चांगला होता म्हणे. त्याने खाल्ला नाही.

वसंतातल्या सहलीची माहितीसभा लागली. रेन पुन्हा जाणार होता, आणि कुरोदा-साननी सुरुवातीलाच अभिमानाने सांगून टाकलं की सबनीस-सान फोनवर असतीलच. प्रश्न सुरू झाले. शौचालय, कॅमेरा, बूट. अंबरीष सांगत होता, माना डोलत होत्या. मग मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर केला. निवृत्त शाळामास्तर असावेत, प्रश्न कागदावर लिहून आणला होता.

"पहाटे त्या वाळूत एकटं बसलं की कसं वाटतं?"

उत्तर तयार होतं. प्रवाशांनी लिहिलेली तसली पन्नास वाक्यं त्याला पाठ होती, त्यातलं एक फेकलं असतं तर सभा पुढे गेली असती. कुरोदा-सान हसतमुखाने वाट बघत होते.

"माहीत नाही," अंबरीष म्हणाला. "मी तिथे कधी गेलेलो नाही."

गृहस्थांनी आपला प्रश्न पुन्हा वाचून पाहिला. कुरोदा-सानचे कान लाल झाले आणि ते बसल्या जागीच अर्धे उठले, अशा वेळी पुढे काय करायचं ते सबनीस-सानना शिकवलेलं होतंच. आधी माफी मागायची, मग कमरेत वाकायचं.

अंबरीष ताठ उभा राहिला. त्या दिवशी त्याच्या पाठीला वाकायचंच नव्हतं.