मॅगेलनच्या सामुद्रधुनीत सुटलेली जोडी

वर्धा स्टेशनावर मला पोचवायला आमचं अर्धं रोहणा गाव आलं होतं आणि त्यातल्या प्रत्येकाचं म्हणणं एकच होतं, जाऊ नका. थोरला भाऊ गाडी सुटेपर्यंत खिडकीची दांडी धरून उभा होता.

"तुले धड बोलता येत नाई, एकटा कसा जाशीन रे? कोनी काई इचारलं त?"

"इचारू दे," मी म्हणालो.

त्याला ते कळलं नाही. त्यानं माझ्या बायकोकडे पाहिलं आणि तिनं माझा तोच शब्द त्याला पुन्हा सांगितला.

असं दुभाष्याचं काम आमच्या घरात दोन वर्षांपासून चालू आहे. खर्र्यानं (घोटलेल्या सुपारी-तंबाखूनं) माझा अर्धा जबडा नेला आणि सोबत जिभेचा मोठा तुकडा नेला. ऑपरेशन चांगलं झालं, मी जगलो. आता जेवण मिक्सरमधून फिरवून घ्यावं लागतं आणि बोललेलं फक्त बायकोला समजतं. यावर ज्यांना मला उपदेश करायचा आहे, त्यांनी आधी आपल्या खिशातली पुडी काढून दाखवावी.

त्याआधी मी आमच्या भागातल्या शंकरपटांत (बैलजोड्यांच्या शर्यतींत) माइकवर बोलत असे. जोडी सुटली की माझं तोंड सुटायचं, आणि पार मागे झाडावर चढून बसलेल्या माणसालाही कोणती जोडी पुढे आहे ते कळायचं. यंदा पटाच्या कमिटीचा निरोप आला. भाऊंनी (गावात मला सगळे भाऊच म्हणतात) स्टेजवर खुर्चीत बसावं, शाल-नारळ घ्यावं, माइकवर दुसरा माणूस ठरवला आहे. मी तो निरोप ऐकला आणि माझं डोकं सरकलं. शाल-नारळ देऊन माणसाला गप्प बसवायची ही रीत मला चांगली माहीत आहे, दुसऱ्यांच्या वेळी मीच माइकवरून टाळ्या मागितल्या आहेत. माझी लेक स्नेहल नोकरीसाठी चिलीत, सांतियागोला राहते. ती कधीची बोलावत होती, जगाच्या पार खालच्या टोकाला जाऊन पेंग्विन पाहू म्हणत होती. मी तिला कळवलं, येतो.

घरच्या बागेतली संत्री मी पिशवीभर घेतली होती. आर्वी तालुक्यातला बाप लेकीकडे रिकाम्या हातानं जात नाही. सांतियागोच्या विमानतळावर एक छोटा कुत्रा आला, माझी पिशवी हुंगून त्यानं शेजारीच बैठक मारली. बाहेरचं फळ त्या देशात नेता येत नाही, हे मला तिथं कळलं. कागदावर फळं आहेत असं मी खरं लिहिलं होतं म्हणून दंड वाचला. पण अधिकारी बाईंनी कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं तेव्हा मला राहवेना. अंबिया बहाराची संत्री आणि कचऱ्यात?

"मी येथीच खातो," मी म्हणालो आणि खूण करून दाखवली.

त्या बाई माझ्या तोंडाकडे पाहत पुढे झुकल्या आणि मी पुन्हा बोलेपर्यंत थांबल्या. मी पुन्हा बोललो. त्यांना मराठीतलं काय कळणार होतं! पण त्या थांबल्या, माझ्याऐवजी बोलणारा कोणी शोधत बसल्या नाहीत. मग त्यांनी मान हलवली. मी तिथंच उभं राहून संत्री सोलली, पिळून रस तोंडात घेतला, निम्मा शर्टावर सांडला. उरलेली त्यांनी डब्यात टाकली तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं.

स्नेहल बाहेर उभी होती. तिनं माझ्या हातातली बॅग घेतली आणि लगेच माझं बोलणंही हातात घेतलं. टॅक्सीवाल्याशी ती बोलली, हॉटेलात ती बोलली. मी तोंड उघडलं की म्हणायची, "तुमी थकू नका बाबा, मी सांगतो नं." माया होती, मला ठाऊक आहे. तरी रोज थोडी चीड साठत होती.

पुंता अरेनास हे शहर चिलीच्या नकाशात अगदी तळाशी आहे. विमानातून उतरलो आणि वाऱ्यानं टोपी नेली, ती पुन्हा दिसलीच नाही. घरांची छपरं पत्र्याची, लाल, निळी, पिवळी. वारा फारच माजला की इथं चौकात दोर बांधतात, माणसं ते धरून रस्ता ओलांडतात. झाडं एका अंगाला झुकून वाढलेली. डिसेंबर म्हणजे त्यांचा उन्हाळा, आणि मी दोन स्वेटर घालून कुडकुडत होतो.

पण जेवणानं जिंकलं. 'चुपे' म्हणून एक पदार्थ मिळाला (खेकड्याचं मांस, दुधात भिजवलेला पाव आणि चीज, मातीच्या वाडग्यात भाजलेलं). तो मऊच असतो, सगळे चमच्यानंच खातात. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी चारचौघांत, मिक्सरशिवाय, इतरांसारखंच जेवलो. दुसरा वाडगा मागवला तेव्हा स्नेहल हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावरून बोट निघाली. समोर मॅगेलनची सामुद्रधुनी, पाणी शिशाच्या रंगाचं. पाउला नावाची तरुण मार्गदर्शक होती. तिनं सांगितलं, पाण्यात काहीही दिसलं की जोरात ओरडा, लाजू नका, इथं पहिला ओरडणारा सगळ्यांच्या उपयोगी पडतो. स्नेहल उठून तिला इंग्रजीत म्हणाली, "माझे वडील बोलू शकत नाहीत. ते हात वर करतील."

एवढं इंग्रजी मला समजतं. मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

माग्दालेना बेटावर उतरलो. झाड नाही, फक्त गवत आणि माती, टेकडीवर एक दीपगृह आणि जिकडे पाहावं तिकडे पेंग्विन. त्यांची वाट आपल्या वाटेला आडवी जाते, तेव्हा थांबायचं आपण. दोन पेंग्विन माझ्या बुटांसमोरून डुलत गेले, मान वळवून मला खालून वर पाहिलं आणि पुढे चालू लागले. त्यांचा आवाज काहीतरी गोड असेल असं मला पूर्वी वाटायचं. छे! मान वर करतात, छाती फुगवतात आणि हुबेहूब गाढवासारखे ओरडतात. हजारो पेंग्विन, कोणालाही आपल्या आवाजाची लाज नाही. मी वाटेच्या कडेला बांधलेल्या दोराला टेकून तो गोंगाट ऐकत राहिलो, परतायची शिट्टी झाली तरी मला निघवेना.

परतताना पाणी खवळलं. स्नेहलला मळमळू लागलं, ती आत आडवी झाली. मी बाहेर कठड्याशी थांबलो. उजव्या बाजूला काळेपांढरे डॉल्फिन दिसले म्हणून सगळी बोट तिकडे धावली, पाउलाही. डाव्या बाजूला मी एकटाच उरलो, आणि त्याच बाजूला पाण्यातून पांढरी वाफ उडाली. मग काळी पाठ वर आली. तिच्या शेजारी दुसरी. दोन देवमासे, खांद्याला खांदा लावून, बोटीच्याच दिशेनं.

मी हात वर केला. पण माझ्याकडे सगळ्यांचीच पाठ.

तोंड उघडलं आणि मला भीती वाटली. दोन वर्षांत मी मोठ्यानं बोललो नव्हतो. लोक हसतील, वेडा समजतील, असं मनात आलं. तोवर दोन्ही पाठी पुन्हा वर आल्या, अगदी एका रेषेत, आणि मग मला कोणाची पर्वा राहिली नाही.

"आली रे आली! सुटली जोडी! धाव, धाव, धाव! डावी पुढं, डावी पुढं, हाण!"

कागदावर हे शब्द स्वच्छ दिसतात. प्रत्यक्षात काय निघालं ते मलाच ठाऊक. लाळ गळली, अर्धी अक्षरं घशातच राहिली. पण आवाज निघाला, पोटातून निघाला, आणि सगळी बोट वळली. माणसं धावत आली, कप्तानानं इंजिन बंद केलं. वाफेचा फवारा जवळ आला तसा सडक्या मासळीचा वास आला, कोणी तरी टाळ्या वाजवल्या. चिलीतल्याच एक म्हाताऱ्या बाई माझी बाही घट्ट धरून म्हणत होत्या, "ओत्रा! ओत्रा!" (आणखी!) मी काय थांबतो? उजवीनं गाठलं, डावीनं पुन्हा मागं टाकलं, शेपट्या उचलून दोन्ही देवमासे खाली जाईपर्यंत मी पट चालवला.

मागे वळलो तर स्नेहल दाराची चौकट धरून उभी होती, चेहरा पांढराफटक.

"बाबा, मले वाटलं तुमी पडले," ती म्हणाली. मग जवळ येऊन, "किती दिवसांनी ऐकलं हो."

मग ती रडली. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. धक्क्याला उतरताना पाउला काहीतरी विचारायला आली, तेव्हा स्नेहल दोन पावलं मागे सरकली आणि मला बोलू दिलं. पाउलाला तीन वेळा विचारावं लागलं. तिनं तीन वेळा विचारलं.

घरी परतून आठवडा झाला तेव्हा कमिटीचे नानाजी आले. मी ओसरीत त्यांच्यासमोर बसलो होतो, तरी त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "वयनी, भाऊंची खुर्ची स्टेजवर कोन्या बाजूले ठिवू?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. स्नेहलनं फोनवर तिला सांगून ठेवलं असावं, कारण ती उठून आत गेली.

"खुर्ची नको, माइक पायजे," मी म्हणालो.

"काय?"

मी पुन्हा बोललो. ते आतल्या दाराकडे पाहू लागले, कोणी मदतीला येतं का म्हणून. कोणी आलं नाही. मी तिसऱ्यांदा बोललो, सावकाश, आणि या वेळी त्यांचा चेहरा पडला म्हणजे त्यांना समजलं.

"तसं नाई भाऊ, पन लोकाईले समजन का?"

जगाच्या टोकावर ज्यांना माझ्या भाषेचा एक शब्द येत नव्हता, ते जवळ येऊन ऐकत होते. रोहण्याच्या माणसांनी तेवढं करायला काय हरकत आहे?

"नाई समजलं त त्याईले सांगजो," मी म्हणालो, "जवळ या."