बावीसच्या खाली नको

आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, छातीत स्प्रिंग टाकली तेव्हा डॉक्टर म्हणाले, गार पाण्यात पोहू नका. आण्णांनी विचारलं, "गार म्हंजी किती?" डॉक्टर गडबडीत होते. "बावीसच्या खाली नको," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आकडा कुठून काढला ते त्यांनाच माहीत, पण आमच्या घरात तो कायदा झाला.

आण्णांचा जन्म गेला दूध संकलन केंद्रात. दुधात बोट घालून बघणाऱ्याला ते अडाणी समजत. माणूस थापा मारतो, काच मारत नाही, असं त्यांचं मत. दुधाचा जुना थर्मामीटर घरात होताच. त्याला सुतळी बांधली आणि रोज सकाळी आम्ही दोघं मुळा धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या डोहावर जाऊ लागलो. आण्णा खांद्यावर टॉवेल टाकून पायरीवर उभे राहत. काचेवरचे बारीक आकडे त्यांना दिसत नसत, म्हणून वाचायचं काम माझं.

हिवाळाभर मी खरं तेच वाचलं. वीस, कधी एकोणीस. फेब्रुवारीत पारा चोवीसवर गेला आणि मी म्हणालो, "एकवीस." मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. दवाखान्याच्या बाकावर काढलेली ती दुपार मला पुन्हा नको होती. आण्णा "बरं" म्हणाले, पाय धुऊन घरी आले.

पुढे पारा सव्वीस झाला तरी माझं आपलं एकवीसच. पन्नास वर्षं रोज पोहलेला माणूस पायरीवर बसून म्हशी डुंबताना बघायचा. म्हशींना कुणी आकडा ठरवून दिला नव्हता. मला फार वाईट वाटायचं, पण तेवढ्यानं मी काही सुधारलो नाही.

डोहात ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारा एक मासेवाला होता. एकदा तो म्हणाला, "आण्णा, पानी लई कोमट झालंय, मासा वर आलाय. उतरा की." आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुतळी गुंडाळत होतो.

मार्चअखेरीस खालच्या बंधाऱ्यांसाठी धरणातून नदीत पाणी सोडलं. ते धरणाच्या तळाचं पाणी. सकाळीच ऊन चटके देत होतं आणि पारा मात्र थेट एकवीसवर. कित्येक दिवसांनी मला खरं बोलण्याची सोय झाली.

"एकवीस," मी म्हणालो.

आण्णांनी सदरा काढून माझ्या हातात दिला आणि पायऱ्या उतरू लागले.

"आण्णा, खरंच एकवीस आहे."

ते थांबले नाहीत. मी दंड धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

मासेवाला रिकामं जाळं घेऊन काठाला लागत होता. "नगा उतरू आण्णा," तो म्हणाला. "धरनाचं पानी आलंय. बर्फावानी हाय. सकाळधरनं एक मासा न्हाई."

आण्णा शेवटच्या पायरीवर थांबले. वर आले, सदरा घातला आणि घराकडे चालू लागले.

वाटेत मी म्हणालो, "मीपण तेच सांगत होतो."

"तू सांगत हुतास," आण्णा म्हणाले, "म्हनून तर उतरत हुतो."