तहानेचं वाचन

मलकापूरच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, बायबलमधलं पहिलं वाचन एक मिस्त्री करतो. मूळचा दुष्काळी आटपाडीकडचा. पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो, त्यामुळे बोटांना कायम वॉर्निशचा वास. ओळीखाली बोट ठेवून, तांब्याची तार गुंडाळावी तसा तो एकेक शब्द सावकाश पुढे नेतो.

शनिवारी सरावाला माझ्याकडे येतो आणि खुर्ची देऊनही पायरीवरच बसतो. यंदा तिसऱ्या रविवारचं वाचन होतं, इजिप्तच्या गुलामीतून सुटलेले लोक वाळवंटात पाण्यासाठी आपल्या पुढाऱ्याशी, मोशेशी भांडतात ते. मी म्हटलं, "जरा रागानं वाचा. त्यांचा विश्वास कमी पडलाय."

त्याने ओळीखालचं बोट उचललं. "न्हाई बाई, त्यास्नी तहान लागलीया. टँकर आला न्हाई की आमच्यात बी असंच बोलत्यात."

वीस वर्षं धर्मशिक्षणाच्या वर्गात मी त्या माणसांना दोष देत आले आहे.

रविवारी खिडकीतलं ऊन पुस्तकावर सांडलं होतं. शेवटी लोकांचा प्रश्न येतो, परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही? तो त्याने हळू विचारला, रिकामी घागर घेऊन शेजाऱ्याच्या दारात विचारावं तसा. मग मान वर करून आमच्याकडे बघत थांबला.

"हा प्रभूचा शब्द," तो अखेर म्हणाला.

यावर "देवाला धन्यवाद" म्हणणारा पहिला आवाज नेहमी माझा असतो. त्या दिवशी सगळे म्हणून गेले, आणि माझा घसा कोरडाच राहिला.