दसऱ्याला पुजलेलं पिस्तूल

माझ्या नवऱ्याला एका गोष्टीची भारी हौस: सणाचा फोटो काढायचा आणि काढल्या काढल्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा. त्या दसऱ्यालाही टाकला. पाटावर दोघांचे लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, माझी सुरी, लेकीची कंपासपेटी आणि मधोमध, झेंडूच्या फुलांत, हळदकुंकू वाहिलेलं पिस्तूल.

पिस्तूल नवं होतं. म्हणजे आमच्याकडे नवं. इथे अमेरिकेत, चँडलरमध्ये, आमच्या गल्लीत एक घर फोडलं गेलं, तेव्हापासून नवऱ्याने ध्यास घेतला होता. शेवटी ऑफिसातल्या एका ओळखीच्या माणसाकडून, त्याच्या गॅरेजमध्ये उभं राहून, कॉफी पीत पीत विकत घेतलं. "काहीच विचारलं नाही यार, इतका साधा माणूस!" असं कौतुक करत घरी आला. इथे मला साधी सर्दीची गोळी घ्यायलाही दुकानात ड्रायव्हिंग लायसन्स दाखवावं लागतं, आणि पिस्तुलाला काहीच नाही! मी तेव्हाच धसकले होते, पण पूजेत ठेवू नको म्हणायचं काही सुचलं नाही. शस्त्र आहे, दसरा आहे, ठेवलं.

फोटो टाकून दहा मिनिटं झाली नसतील, तोच मंडळातल्या काकूंचा फोन. त्यांना इथे येऊन जन्म गेला, सिटिझन आहेत. "अगं, आधी तो फोटो डिलीट कर! तुम्ही अजून व्हिसावर ना? व्हिसावाल्यांना बंदूक ठेवता येत नाही. गुन्हा आहे तो. विचारायचं तरी एकदा!"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. इतकी वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभे, लेक इथेच वाढलेली, आणि एका पिस्तुलापायी सगळं गुंडाळून परत जायचं? नवऱ्याने फोटो काढून टाकला, पण तोवर कोणाकोणाच्या फोनमध्ये उतरला असेल देव जाणे. दारावरची बेल वाजली की मी आधी पडद्याआडून बघायचे.

"दुकानातून घेतलं असतंस तर त्यांनी व्हिसा बघून तिथेच हाकललं असतं तुला. बरं झालं असतं!" मी तणतणले. नवरा म्हणाला, "आता तसंच विकून टाकू. ज्या वाटेने आलं त्या वाटेने गेलं."

खरं सांगते, मला ते पटलं. सुटू एकदाचे, एवढंच डोक्यात होतं. त्या दिवसांत रेडिओवर हाच वाद चालू होता: दुकानात होते तशी गिऱ्हाइकाची चौकशी अशा खासगी विक्रीतही सक्तीची करावी का. एक जण म्हणायचा, शेजाऱ्याने शेजाऱ्याला काही विकलं तर सरकारचा काय संबंध? दुसरी बाई म्हणायची, विकणाऱ्याला काय ठाऊक समोर कोण आहे? मी भाजी चिरता चिरता ऐकायचे आणि बंद करायचे.

गिऱ्हाईक ऑनलाइन मिळालं. ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये भेटायचं ठरलं. ऑक्टोबर असूनही ऊन भाजत होतं. नवरा एकटा गेला तर घोळ घालणार, म्हणून मीही गेले. आलेला माणूस साधारण आमच्याच वयाचा, डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. गाडीतून उतरला तो धड उभाही राहीना. "पेपर्स नाहीत ना? कोणी काही विचारणार नाही ना?" त्याने दोनदा विचारलं.

"नाही, नाही, काही नाही," नवरा म्हणाला. हसून म्हणाला. त्याला वाटलं गिऱ्हाईक आपल्यासारखंच घाबरलंय.

मी खाली उतरले आणि इंग्रजीत विचारलं, "कशाला हवंय तुम्हाला?"

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय? घरातलं भांडण आहे, मी मिटवतो."

"विकायचं नाहीये," मी म्हटलं. नवरा मराठीत ओरडला, "अगं, वेड लागलंय का तुला? आपलं काय होईल?" मी गाडीत बसून दार लावून घेतलं. त्या माणसाने आमच्या बॉनेटवर मूठ आपटली आणि निघून गेला. मी त्याच्या गाडीचा नंबरही लिहून घेतला नाही. कोणाला कळवणार होते? आमच्याच डिकीत पिस्तूल होतं.

त्याच दुपारी काकूंनी वकील गाठून दिला. त्याने ते पोलिसांकडे रीतसर जमा करवलं. नवरा महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. ग्रीन कार्डचं काय होणार, ते अजून वकिलालाही सांगता येत नाही.

पण त्याचं मला आता एवढं वाटत नाही. टीव्हीवर आपल्या भागातल्या कुठल्या घराबाहेर पोलिसांची पिवळी पट्टी लावलेली दिसली की मी हातातलं काम टाकून उभी राहते. तो चेहरा शोधते. मी नाही म्हटलं खरं, पण दुसऱ्या पार्किंगमध्ये दुसरं कोणीतरी उभं असणारच. माझ्या नवऱ्यासारखंच, हसून "नाही, नाही, काही नाही" म्हणणारं.