दुसऱ्या दिवशी बघायला या

सुमनताई दारात आलेल्या माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या हातांकडे बघायच्या. हातात फाईल दिसली की उंबऱ्यातच उभ्या राहायच्या, दोन्ही हात चौकटीला लावून. लोणीत विहाराशेजारी त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन आणि मागच्या खोलीत अंथरुणावर त्यांची तेरा वर्षांची मुलगी, अस्मिता.

मी तेव्हा पुण्याच्या एका संशोधन प्रकल्पात कामाला होते. साध्या तापानंतर महिनोन्‌महिने ज्यांचा थकवा जात नाही, अशा मुलांची माहिती आंबेगाव-जुन्नरच्या गावांतून गोळा करायची. मी ओतूरची, लोक आपल्या माणसाशी बोलतील, म्हणून मला घेतलेलं. सुमनताई बोलल्या नाहीत. दहा मिनिटं बाहेर उभी राहून मी परत निघाले, तशी त्यांनी हाक मारली.

"ताई, आत्ता काय लिवलं ते वाचून दाखवा."

मी लिहिलं होतं, 'आई सहकार्य करत नाही.' खोटं सुचलं नाही, तेच वाचलं.

"ते खोडा. इस्वास न्हाई, आसं लिवा. दोन्हीत फरक हाय."

मी खोडलं. एसटीची वाट बघताना मला त्यांचा राग आला होता. दहावी शिकलेल्या बाईनं मला शब्द शिकवावेत!

पण मी जात राहिले. तिसऱ्या खेपेला त्यांनी हातातला ब्लाउज बाजूला ठेवला आणि स्वतःहून सांगितलं. अस्मिता सातवीत असताना तिला ताप आला. ताप गेला, पोर उठेना. रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. शाळेत म्हणाले, अभ्यास नको म्हणून नाटक करते. मग शहरातल्या एका दवाखान्यात अशाच मुलांवर अभ्यास चालला होता, तिथं नाव घातलं. रोज थोडं जास्त चालवा, हा त्यांचा उपचार. पोर रडायची, तरी सुमनताई तिला हात धरून चालवायच्या. तिसऱ्या आठवड्यात तिला चमचाही उचलेना. तपासणीच्या दिवशी मात्र ती कशीबशी चालत खुर्चीपर्यंत गेली, आणि कागदावर 'सुधारणा आहे' असं पडलं.

"मी म्हनलं, घरी येऊन बघा. तर म्हनले, बाई, तुमीच तिला आजारी ठेवताय." एवढं बोलून त्या मशीनकडे वळल्या. "तिला चालवलं ते माज्या हातानं. त्यांच्या न्हाई. ते मला इसरता येत न्हाई."

हे सगळं मी पुण्याला आमच्या सरांना सांगितलं. सर वाईट नव्हते, घाईत होते. म्हणाले, "आई नसताना मुलीशी बोलून बघ. खरं काय ते कळेल."

आणि मी ते केलं. सुमनताई अस्तर आणायला मंचरला जायच्या, तो वार मला माहीत होता. अस्मितानं दार उघडलं. बोलायला कुणीतरी आलं याचाच तिला आनंद झाला असावा. तिनं मला तिची चित्रं दाखवली, शाळेतल्या बाईंची नक्कल केली, खळखळून हसली. तासभर गेला. 'मुलगी उत्साही, थकवा जाणवला नाही,' असं लिहून मी निघाले. सरांचा अंदाज बरोबर होता की काय, हा विचार वाटभर डोक्यात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "काल आलीस ना? आज ये. आज बघायला ये." ताईवरून मी एकदम तू झाले होते.

खिडकीवर गोधडी टांगलेली होती. अस्मिताच्या डोळ्यांवर ओढणी बांधलेली. मी नाव घेतलं, तर तिची बोटं फक्त हलली. सुमनताई तिच्या ओठांना चमच्यानं पाणी लावत होत्या. त्या ओरडतील म्हणून मी वाट बघत राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला.

"काल तू लिवलंस ते खरं व्हतं. आज दिसतंय तेबी खरं हाय. पर कागदावर एकच दिवस जातो. मोजायचं आसंल तर दुसऱ्या दिवशी बघायला या."

अस्मिताला पुन्हा उठून बसायला अकरा दिवस लागले.

पुढच्या महिन्यात घोडेगावला पालकांची बैठक झाली. मुलांना जागेवरच फिरणाऱ्या व्यायामाच्या सायकलवर बसवून दम किती टिकतो ते बघायचं, असं सरांनी समजावलं आणि संमतीचे कागद वाटले. सुमनताई उभ्या राहिल्या.

"दुसऱ्या दिवशी पोर पडली, तर कोन येनार?"

"तसा काही धोका नाही, ताई."

"मग ह्या कागदावर तसं लिवून द्या."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले. लोणीत मी काय केलं आणि दुसऱ्या दिवशी काय पाहिलं, ते सगळ्यांसमोर सांगितलं. मग एका बापानं आपला कागद टेबलावर परत ठेवला, मागोमाग दुसऱ्यानं. सायकल पुण्याहून आलीच नाही.

सरांनी पुढं फॉर्म बदलला. तपासणीनंतरच्या आठवड्याचे प्रश्न घातले. तो मी सुमनताईंना नेऊन दिला. दोन दिवस ठेवून त्यांनी पेन्सिलीनं चार दुरुस्त्या केल्या आणि सही न करता परत दिला.

"फॉर्म चांगला झालाय. पर माजी पोर न्हाई द्याची."

"अजून विश्वास नाही?"

"तुज्यावर हाय, थोडा. तू उद्या बदलून जाशील. कागद ऱ्हाईल."

खरंच वर्षभरात माझी बदली सोलापूरला झाली. निरोप घ्यायला गेले, तेव्हा त्यांनी माझ्या पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घातल्या.

मध्यंतरी एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"अस्मितानं आज सवताच्या हातानं येनी घातली. उद्या काय व्हईल म्हाईत न्हाई. कुटल्या फॉर्मात घालू नकोस हां."

"नाही घालणार."

"मग ऐक," त्या म्हणाल्या, आणि मला काहीही न विचारता बराच वेळ लेकीबद्दल बोलत राहिल्या.