आंधळ्या बापाचं चित्र

"बठ्ठं जसं ना तसं शे," म्हणत नाना शर्टाच्या बाहीनं काच पुसायचे आणि तसबीर हातात द्यायचे. सगळं होतं तसंच आहे, असं त्यांच्या अहिराणीत. धुळ्यात, देवपुरात त्यांचं फ्रेमचं दुकान. असे काचवाले तुम्हीही पाहिले असतील. देव आणि वारलेली माणसं एकाच भिंतीला टेकवून ठेवणारे.

बुद्धपौर्णिमेआधी घरातल्या तसबिरी त्यांच्याकडून साफ करून आणायच्या, ही आईची पद्धत. बुद्धाच्या तसबिरीबरोबर तळहाताएवढं एक चित्रही असायचं. चारेकशे वर्षांपूर्वी युरोपात कुणीतरी तांब्याच्या पत्र्यावर रंगवलेलं. आई नर्स होती. दवाखान्यातल्या परदेशी डॉक्टरीणबाईंनी मायदेशी जाताना तिला दिलेलं. गोष्ट बायबलातली. आंधळा म्हातारा बाप अंथरुणावर बसलाय आणि धाकटा मुलगा हाताला बकरीचं कातडं गुंडाळून केसाळ थोरल्याचा आशीर्वाद लाटतोय.

नानांचा त्या म्हाताऱ्यावर भारी जीव. चित्र हातात आलं की त्यालाच विचारायचे, "काय रे बाबा, पोऱ्यानी फसाडं ना तुले?"

आई हसायची. "नाना, दरवर्षी काय तेच विचारता?"

"अक्का, एखाद साल सुधरी जाई ना पोऱ्या!"

आई गेली तेव्हा तिचा फोटो नानांनीच मढवला. "बेटा, हाई चित्र भी नवी फ्रेममा टाकी देस," म्हणून तेही ठेवून घेतलं. काही दिवसांनी स्वतः घरी आणून दिलं. बाहीनं काच पुसली. "बठ्ठं जसं ना तसं शे."

उन्हाळा लागला, पंखा सुरू केला, आणि चित्र भिंतीवर टकटक आपटू लागलं. तो पत्रा चांगला वजनदार, इतक्या वर्षांत कधी हलला नव्हता. मी मागचे खिळे उचकटले. आत पुठ्ठ्यावर चिकटवलेला, त्या चित्राचा चकचकीत कागदी फोटो निघाला.

दुकानात गेले तर नाना मान वर करेनात.

"इकी टाकं, बेटा. तुले समजाव नही, असं वाटनं."

विकून टाकलं, आणि म्हणे मला समजणार नाही! आईची राख निवते न निवते तोच या माणसानं केसानं गळा कापला होता, आणि वर मला आंधळी धरलं होतं. भांडायला गेले होते, पण तशीच परत फिरले. त्या गल्लीतून जाणंच सोडलं.

परवा नाना गेल्याचं कळलं. राहवलं नाही, त्यांच्या घरी भेटायला गेले. खुर्चीवर त्यांचा फोटो होता, बाजारातल्या तयार प्लास्टिकच्या फ्रेममध्ये. काचेवर धूळ होती. मी पदराचं टोक हातात घेतलं आणि सोडून दिलं. रडू मात्र आलं, आणि त्या रडण्याचाही राग आला.