दमेकरी लॅपटॉपवरची फिल्म

घानातल्या होहोए गावात कुणी गेलं, की शवपेटीवाल्याच्या पाठोपाठ एन्योनामला निरोप जायचा. पूर्वी ती शिवणकाम करायची. मयतीचे काळे-लाल कपडे शिवता शिवता तिच्या लक्षात आलं, की लोक कपड्यांवर जेवढा जीव टाकतात तेवढाच मयतीच्या फिल्मवरही टाकतात. कोण आलं, कोण रडलं, कोण नुसतं जेवून गेलं, हे सगळं परदेशातल्या मुलांना दिसायला हवं असतं. मग तिने एक कॅमेरा घेतला, एक जुना लॅपटॉप घेतला आणि शिलाई मशीन कोपऱ्यात सरकवलं.

हा लॅपटॉप कुठल्याशा जर्मन कचेरीने टाकून दिलेला. बोटीने टेमा बंदरात आला, तिथून बाजारात आणि बाजारातून तिच्या टेबलावर. त्याच्या बटणांवर वाय आणि झेड एकमेकांच्या जागी बसलेले. होहोएतले याओ नावाचे कित्येक जण तिच्या फिल्ममध्ये झाओ होऊन स्वर्गाला गेले. पंखा तर असा घरघरायचा की तिचा नवरा डोजी शेजारच्या खोलीतून विचारायचा, "आज याला जरा बरं वाटत नाहीये का?"

तरी काम चालत होतं, कारण लॅपटॉपमध्ये एक साधंसं एडिटिंगचं सॉफ्टवेअर आधीपासूनच होतं. पावसाळ्यात लॅपटॉपने आपणहून स्वतःला अपडेट करून घेतलं आणि ते सॉफ्टवेअर उघडायचं बंद झालं. एन्योनामचे खरे हाल तिथून सुरू झाले.

कारण नेमकं तेव्हा आकूमावशीचं काम हातात होतं. मावशीचे यजमान कोम्ला उभा जन्म होहोए ते अक्रा ट्रक चालवत राहिले आणि निवृत्तीनंतर अंगणात खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मयत थाटात झाली, शूटिंगही झालं, पण फिल्म राहूनच गेली. आता वर्षाची आठवणसभा जवळ आली होती आणि चर्चच्या भिंतीवर फिल्म दाखवायची असं मावशीने गावभर सांगून ठेवलं होतं.

एन्योनामने आधी फुकटातलं एक नामांकित सॉफ्टवेअर घेतलं. ज्याला विचारावं तो त्याचंच नाव घ्यायचा. ते उतरवून घेण्यात आठवड्याचा डेटा गेला. उघडल्यावर त्याने एक सुंदर चित्र दाखवलं आणि पडदा थिजला. पुन्हा उघडलं, पुन्हा थिजला. तिसऱ्यांदा त्याने कळवलं, की या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड नाही आणि मेमरीही पुरेशी नाही. "हे आधी सांगता येत नव्हतं का मेल्या?" असं ती लॅपटॉपला म्हणाली. मग एक ऑनलाइन चालणारं पाहिलं. त्यात शूटिंग आधी इंटरनेटवर चढवावं लागे. ते अर्धं चढलं की वीज जायची, आणि वीज आली की पहिल्यापासून सुरुवात.

मग ती बाजारात विस्डमकडे गेली. विस्डम मोबाइल दुरुस्त करायचा आणि पेनड्राइव्हवर चोरीची सॉफ्टवेअरं विकायचा. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, की हॉलिवूडवाले वापरतात तेच हे आहे. दोन दिवस ते खरंच छान चाललं. तिसऱ्या दिवसापासून लॅपटॉप आपोआप सट्ट्याच्या जाहिराती उघडायला लागला, आणि फोटोंच्या फायलींची नावं बदलून भलतीच अक्षरं आली. ती तावातावाने त्याच्या टपरीवर गेली.

"ताई, सॉफ्टवेअर चाललं की नाही?" विस्डमने शांतपणे विचारलं.

"चाललं."

"मग मी त्याचेच पैसे घेतले होते. व्हायरस तर तुला फुकट दिला."

आजूबाजूचे हसले. एन्योनामच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण लॅपटॉप पुसून नवा करायला त्याच्याशिवाय बाजारात दुसरं कुणी नव्हतं. तेही त्यानेच करून दिलं. शूटिंग कॅमेऱ्याच्या कार्डांवर शाबूत होतं, एवढंच नशीब.

शेवटी तिला एक विकतचं पण हलकं सॉफ्टवेअर मिळालं. काही दिवस वापरून बघा, आवडलं तर पैसे भरा, अशी त्याची रीत. यात सगळं होतं. उडती कबुतरं, उघडणारी फाटकं, ढगांतून पडणारे किरण. एन्योनामने मन लावून फिल्म केली. कोम्लाकाकांचा फोटो ढगांतून वर येतो आणि दोन्ही बाजूंनी कबुतरं उडतात, इथे तर तिला स्वतःलाच भरून आलं. सभेच्या दिवशी सकाळभर वीज नव्हती. आली तशी तिने घाईघाईने फिल्म तयार केली, पेनड्राइव्हवर टाकली आणि पांढरे कपडे घालून धावतच चर्च गाठलं. पूर्ण फिल्म एकदा बघून घ्यायला सवडच झाली नाही.

भिंतीवर ढग आले. ढगांतून कोम्लाकाका वर आले. आणि त्यांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत जाड लाल अक्षरं उमटली. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांच्यासाठी चर्चच्या मास्तरांनी ती एवे भाषेत मोठ्याने वाचून दाखवली: "वापराची मुदत संपली आहे."

मागच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग ते हसू आवरेना. अक्षरं जायचं नाव घेईनात. शवपेटीवर तीच, नातवंडांवर तीच. एन्योनामने प्रोजेक्टरची वायर उपटली तेव्हा बोबोबो नाचाचे ढोलवालेसुद्धा तोंडात रुमाल कोंबून बसले होते.

आकूमावशी मात्र हसली नाही. सगळे जेवायला उठल्यावर ती एन्योनामजवळ आली आणि हळूच म्हणाली, "त्यांची मुदत संपली हे मला वर्षापासून ठाऊक आहे गं. तू भिंतीवर लिहायला नको होतंस."

एन्योनाम न जेवताच घरी आली. डोजीने पुढे केलेले मक्याच्या पिठाचे आक्प्लेचे गोळे आणि भेंडीचं कालवण तसंच राहिलं. नवा लॅपटॉप हप्त्याने घेऊ या, असं तो म्हणाला. त्यावर तिने आधी शिलाई मशीनवरची धूळ झटकली, मग लॅपटॉपचं झाकण आपटलं आणि म्हणाली, "तुझं नाव डोजी, म्हणजेच ‘धीर धर’. धीर धर म्हणायला तुझ्या आईबापांनी घरात माणूसच आणून ठेवलाय. तू गप्प बस."

पण दुसऱ्या दिवशी त्यानेच तिला सेदिनामकडे नेलं. सेदिनाम गावच्या रेडिओ केंद्रात जाहिराती कापायची-जोडायची, आणि तिचा संगणक एन्योनामच्याहून जुना होता. एन्योनामने सगळं रामायण सांगून टाकलं. सेदिनामने विचारलं, की तू फिल्मला नक्की करतेस काय? कापते, जोडते, नाव लिहिते, वर गाणं घालते, असं एन्योनाम म्हणाली. मग सेदिनामने तिला एक फुकटचं, राखाडी रंगाचं, दिसायला अगदी गरीब सॉफ्टवेअर दिलं. शूटिंगच्या छोट्या, हलक्या नकला करून त्यांच्यावर कापाकापी करायची आणि शेवटी मूळ शूटिंग लावायचं, हेही दाखवलं.

"हे बंद नाही ना पडत?" एन्योनामने विचारलं.

"पडतं. पण पडायच्या आधी केलेलं जपून ठेवतं. नवऱ्याकडून याहून जास्त काय मागतेस?"

डोजी दारातच उभा होता.

ते बंद पडायचंच. गाणं घातलं की हमखास पडायचं. एन्योनामने शिव्या मोजणंही सोडून दिलं. शेवटी वैतागून तिने गाणंच काढून टाकलं आणि कॅमेऱ्याने टिपलेला आवाज होता तसा ठेवला. कबुतरं नाहीत, ढग नाहीत. एकामागून एक माणसं, सरळ जोडलेली. दोनदा पूर्ण बघून मगच ती लॅपटॉप काखोटीला मारून मावशीच्या घरी गेली.

मावशी पडद्याजवळ सरकून बसली. शवपेटी घराबाहेर येते, रस्त्यावर येते, आणि तिथे रांगेने उभे असलेले ट्रक एकदम हॉर्न द्यायला लागतात. कोम्लाकाकांच्या बरोबरीचे सगळे ड्रायव्हर आले होते. त्या दिवशी मावशीला बायकांनी दोन्ही दंडांना धरून आत नेलं होतं, तिला यातलं काही कळलं नव्हतं.

"हे त्यांच्यासाठी?" तिने विचारलं.

"हो मावशी."

"परत लाव."

एन्योनामने परत लावलं. परत लावायचं बटण एका झटक्यात कधीच चालत नसे, दोनदा दाबावं लागे. हॉर्न खूप वेळ वाजत राहिले. मावशी एकेका ट्रकवर बोट ठेवून ड्रायव्हरांची नावं सांगत होती. "हा माउली. याचे ब्रेक कधी लागायचे नाहीत, हॉर्न मात्र बघ कसा." मग तिने अंगावरच्या कापडाचं टोक डोळ्यांना लावलं, आणि एन्योनामने पंख्याचा आवाज कमी यावा म्हणून लॅपटॉपखाली हात धरून तो उचलून धरला.

मावशीच्या हॅम्बर्गमधल्या मुलांचा निरोप दुसऱ्याच आठवड्यात आला. फिल्म बरी आहे, पण फार साधी वाटते, निदान शेवटी कबुतरं तरी घाला, असं त्यांचं म्हणणं. एन्योनामने तो निरोप डोजीला वाचून दाखवला आणि उत्तर लिहायला बसली. माझ्या मशीनवर कबुतरं उडत नाहीत, असं तिने लिहिलं. हवीच असतील तर बाजारात विस्डमकडे मिळतील.